ओळखीशिवायचं शहर

परदेशातलं एखादं अवाढव्य शहर पहिल्यांदा पाहून आलेल्या माणसाला नागपुरात लोक एकच प्रश्न विचारतात: कसं वाटलं? उत्तरंही जवळपास ठरलेली असतात. इमारती बघता बघता मान अवघडते, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, माणसं सतत घाईत असतात आणि चहाला चव नसते. मराठी प्रवासवर्णनाचा अर्धा संसार या चार वाक्यांवर उभा आहे. या पहिल्या नजरेला उथळ ठरवणारी समीक्षाही तितकीच जुनी आहे: आठ दिवस राहून पुस्तक लिहिलं, नव्याचे नऊ दिवस संपायच्या आत निकाल देऊन मोकळे झाले, वगैरे. हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. पहिल्या नजरेला एक गोष्ट इतकी स्वच्छ दिसते, की ती नंतर दहा वर्षं राहूनही तशी दिसत नाही. ज्या शहरात आपल्याला कुणीही ओळखत नाही, तिथे आपलं काम कुणाच्या ओळखीवाचून होतं की नाही, ही ती गोष्ट. रुळलेल्या माणसाची ओळख झालेली असते, त्यामुळे त्याला हे तपासताच येत नाही. स्टेशनातून बाहेर पडून मुक्कामाची जागा शोधणाऱ्या परक्यालाच ते कळतं. महानगराच्या उंचीचं आणि रुंदीचं कौतुक या अनुभवापुढे दुय्यम आहे, आणि मराठी माणसांनी परदेशी शहरांविषयी जे लिहून ठेवलं आहे त्यात खरं मोलाचं काय, हेही याच कसोटीवर लागतं.

१९१३ चं न्यूयॉर्क घ्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ग्रँड सेंट्रल स्टेशनची नवी इमारत सुरू झाली. एप्रिलमध्ये ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत उघडली. तेव्हा जगात तिच्याहून उंच इमारत नव्हती. जुलैमध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाविशीतले भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला तिथे पोचले. शहर दाखवण्यासारखं जे जे होतं ते नुकतंच पॉलिश करून मांडलेलं होतं. पण परदेशातल्या वास्तव्याबद्दल बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात जे लिहिलं, त्यात उंच इमारतींचा मागमूस नाही. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असा त्यांचा सांगण्याचा आशय आहे. ही जाणीव पुसायला तिथे कुणी प्रवचन दिलं नव्हतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात आणि पुढे पश्चिम ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात खोली मिळाली, भोजनालयात टेबल मिळालं, ग्रंथालयात खुर्ची मिळाली, आणि यातल्या कशासाठीही जात सांगावी लागली नाही.

त्या पत्त्यातला ‘११४’ हा आकडाही लक्ष देण्यासारखा आहे. मॅनहॅटनचा मोठा भाग १८११ च्या आराखड्याने आडव्या-उभ्या रेघांत आखला गेला आणि रस्त्यांना क्रमांक मिळाले. ज्याला अंक वाचता येतात त्याला ११६ नंतर ११५ आणि मग ११४ येणार हे कुणी सांगावं लागत नाही. वाट विचारण्यासाठी थांबावं लागत नाही, आणि थांबावं लागत नाही म्हणून ‘तुम्ही कुठले, कोणाचे?’ हा उलट प्रश्नही येत नाही. १९०४ मध्ये जमिनीखालची रेल्वे सुरू झाली तेव्हा तिचं भाडं पाच सेंट होतं, आणि ते १९४८ पर्यंत पाच सेंटच राहिलं. जवळ जा की लांब, भाडं एकच. परक्याला फसवायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. अशा कोरड्या गोष्टी प्रवासवर्णनात सहसा येत नाहीत. परक्या माणसाला पहिल्या दिवशी जो मोकळा श्वास मिळतो तो मात्र यांच्यातूनच येतो.

आता दुसरं टोक. १९१७ मध्ये आंबेडकर शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीसाठी आले. बडोदं न्यूयॉर्कच्या मानाने लहान, नीटस, सयाजीरावांच्या राज्यातलं, त्या काळच्या हिंदुस्थानात सुधारलेलं म्हणून नावाजलेलं शहर. स्टेशनावर उतरल्याबरोबर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा, की जायचं कुठे आणि घरात घेणार कोण? हिंदू खानावळीत जात विचारणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून, रोजच्या दीड रुपयावर ते राहिले. वरच्या मजल्यावरचं मोठं दालन, मोडक्या सामानाने भरलेलं, वीज नाही, रात्री रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवायचा, त्याच्या उजेडात वाचायचं. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: तू कोण? संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. उरलेला वेळ एका सार्वजनिक बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कोलंबियात शिकलेला, महाराजांच्या नोकरीतला माणूस एका शहरात रात्रीपुरतं छप्परही मिळवू शकला नाही, कारण त्या शहरात छप्पर मिळायला आधी ‘कोणाचा’ याचं उत्तर लागत होतं.

यावर कुणी म्हणेल, हा जातीचा प्रश्न आहे, शहराच्या आकाराशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, पण तो सरळ नाही. शहर जितकं मोठं तितकी ओळखीवर भिस्त ठेवणं अवघड होत जातं, हे एक. मात्र आकार वाढला म्हणजे आपोआप ओळखीची गरज संपते असंही नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई जगातल्या मोठ्या शहरांत गणली जात होती. तरीही कोकणातून वा घाटावरून आलेल्या माणसाला गिरणीत काम मिळायचं ते कामगार भरणाऱ्या जॉबरच्या मर्जीने, आणि झोपायला जागा मिळायची ती गावकीच्या खोलीत. गिरणगावातल्या चाळींचे मजले गाव, तालुका आणि जात यांनुसार वाटलेले असत. ही व्यवस्था निर्दय होती असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. अनेकांना तिने उपाशी मरू दिलं नाही. पण ज्याचं गाव त्या चाळीत नाही, किंवा ज्याची जात त्या गावकीला चालत नाही, त्याच्यासाठी ती मुंबई नव्हतीच. म्हणजे मोठं शहर दोन रीतींनी चालवता येतं: लहान लहान गावं एकमेकांना चिकटवून, किंवा अनोळखी माणसाला गृहीत धरून. लंडन-न्यूयॉर्ककडे बघून नागपूरकर ज्याला ‘सिस्टीम’ म्हणतो, ती दुसरी रीत आहे.

लंडनला ही रीत जन्मतःच मिळाली होती असं नव्हे. १७८१ मध्ये रघुनाथरावाचा वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ लंडनला गेले. मराठी माणसाने पाहिलेल्या लंडनच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. त्यांची अडचण राजकीय तर होतीच; रोजची होती ती स्वयंपाकाची. स्वतःच्या हातचं, सोवळ्यातलं जेवण शिजवणार कुठे? एडमंड बर्क या खासदाराने आपल्या गावच्या घरातलं झाडांसाठीचं काचघर त्यांना मोकळं करून दिलं, तेव्हा सोय लागली. लाखो वस्तीच्या शहरात या पाहुण्यासाठी एकाही दारावर पाटी नव्हती. एक दयाळू माणूस भेटला म्हणून निभावलं. पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षं लंडनमध्ये राहिले, तीही ओळखी काढत आणि पत्रं लिहीत.

लंडन परक्याला सोपं झालं ते हळूहळू. १८६३ मध्ये भुयारी रेल्वे आली, पण ती कळायला सोपी झाली ती १९३३ मध्ये, हॅरी बेकचा नकाशा छापला गेला तेव्हा. हा नकाशा भूगोलाच्या दृष्टीने चक्क खोटा आहे. नदी सरळ केली आहे, अंतरं मनासारखी ताणली-आखडली आहेत, रेषा फक्त उभ्या, आडव्या आणि पंचेचाळीस अंशांच्या. पण जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला वरचा भूगोल लागतच नाही. किती स्टेशनं पुढे जायचं आणि कुठे बदलायचं एवढंच लागतं, हे बेकने ओळखलं. तो मुळात विजेच्या जोडण्यांची रेखाटनं करणारा आरेखक होता, आणि लंडनकडे त्याने परक्या माणसाच्या नजरेने पाहिलं. तीन वर्षांनी, १९३६ मध्ये, रस्त्यांची वर्णानुक्रमे यादी देणारी ‘ए टू झेड’ नकाशापुस्तिका निघाली. दुसरीकडे काळ्या टॅक्सीच्या चालकाला चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. म्हणजे शहराची माहिती एकतर छापून सगळ्यांना द्यायची, नाहीतर परवान्याच्या अटीने चालकाच्या डोक्यात बसवायची. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आली, त्या काळापर्यंत इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकाला लंडनची नावं पाठच होती. तरी पुस्तकातली आणि प्रत्यक्षातली ओळख वेगळी. ट्राफाल्गर चौक गोष्टींतून माहीत असणं निराळं, आणि तिथून आपल्या खोलीवर कुणाला न विचारता पोचणं निराळं.

सगळ्यात जड आक्षेप पुढे आहे. पहिल्या नजरेला शहराचा दिवाणखाना दिसतो, माजघर दिसत नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शित कुठल्या कोपऱ्यातलं हे तरी बघावं. कोलंबिया विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिच्या पूर्वेला हार्लेम. आंबेडकर तिथे शिकत होते त्याच दशकात कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येने हार्लेमला राहायला येत होती, आणि त्यांना घर कुठे मिळावं आणि कुठे मिळू नये हे त्यांच्या रंगावर ठरत होतं. जे शहर महूत जन्मलेल्या विद्यार्थ्याला काही विचारत नव्हतं, तेच शहर आपल्याच कृष्णवर्णीय नागरिकाला त्याचं उत्तर चेहऱ्यावरून वाचून दाखवत होतं. लंडनही तसंच. १९५८ मध्ये नॉटिंग हिलला वंशद्वेषातून दंगल झाली. भाड्याच्या खोल्यांच्या पाट्यांवर ‘रंगीत लोकांनी येऊ नये’ असं उघड लिहिलेलं असे, आणि घर नाकारताना वंश पाहणं बेकायदा ठरायला १९६८ चा कायदा यावा लागला. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचं तिकीट काढायलाही कुणाची तरी शिफारस लागत असे, हेही विसरता येत नाही.

हा आक्षेप खरा आहे आणि तो मोडून काढण्याची गरज नाही. पहिल्या नजरेला शहराची रचना दिसते, न्याय दिसत नाही. आकड्यांचे रस्ते आणि एक दराचं भाडं हे न्याय नव्हेत. पण ते नसतील तर न्यायाची गोष्ट आणखी लांब पडते. शिवाय पाहणारा जागा असेल तर पहिल्या नजरेतही माजघर निसटत नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या, पुढची जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत फिरल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक काढलं. त्यात प्रवास सुरुवातीलाच उरकला आहे. नंतरची प्रकरणं राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती, धर्मादाय संस्था, व्यापार यांवर आहेत. अमेरिकेवर त्या भाळल्या होत्या, आणि तरी तिथल्या वर्णद्वेषाला त्यांनी नावं ठेवली. मराठीतल्या नंतरच्या कितीतरी प्रवासवर्णनांपेक्षा हे पुस्तक आजही जास्त वाचनीय आहे, कारण बाईंनी देखावे कमी पाहिले आणि ‘हे चालतं कसं’ हे जास्त विचारलं.

आनंदीबाईंचं उदाहरण मात्र या लेखाच्या म्हणण्याला थोडं आडवं येतं, म्हणून ते टाळणं बरं नव्हे. १८८३ च्या ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. ब्रुकलिनचा पूल उघडून अकराच दिवस झाले होते, आणि पूल कोसळतोय या अफवेने ३० मे रोजी त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत बारा माणसं गेली होती. असल्या शहरात अठरा वर्षांची नऊवारीतली मुलगी निव्वळ पाट्या वाचत वावरली असती असं म्हणणं धाडसाचं होईल. तिला उतरवून घ्यायला थिओडिसिया कार्पेंटर बाई आल्या होत्या, दोघींचा पत्रव्यवहार आधी वर्षानुवर्षं चाललेला होता, आणि आनंदीबाई त्यांच्या घरी रोझेलला राहिल्या. त्यांच्या वाट्याला न्यूयॉर्क आलं ते एका घराच्या दारातून. तेव्हा ओळखीशिवाय चालणारं शहरसुद्धा सगळ्यांना सारखं ओळखीशिवाय चालत नाही. पुरुषाला, इंग्रजी येणाऱ्याला, खिशात शिष्यवृत्ती असणाऱ्याला ते आधी उघडतं. आणि ज्याला कुणी काही विचारत नाही, त्याला ताप आला तरी कुणी विचारत नाही, हेही त्याच नाण्याचं मागचं तोंड. परदेशी शिकायला गेलेल्या पोरांच्या घरी नागपुरात रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर जो पहिला प्रश्न जातो तो ‘जेवलास का?’ हाच असतो. तो विचारणारं तिथे कुणी नाही, हे आईला न सांगता कळतं.

पाट्या आणि आकडे हाच एक मार्ग आहे असंही मानू नये. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता म्हणजे विभाग, गट आणि घराचा क्रमांक. आणि जुन्या पद्धतीत घरांचे क्रमांक ओळीने न लागता घर कधी बांधलं त्या क्रमाने लागलेले. म्हणजे तीन नंबरच्या शेजारी सतरा असू शकतो. लंडनहून मोठं शहर आणि पत्ता शोधायला इतका वैताग! तरी परका माणूस तिथे हरवत नाही, कारण ठिकठिकाणी ‘कोबान’ नावाची छोटी पोलीस चौकी असते, तिथे परिसराचा तपशीलवार नकाशा असतो, आणि पत्ता विचारणाऱ्याला वाट दाखवणं हे त्या पोलिसाच्या कामातच धरलेलं असतं. इथे माणूसच वाट सांगतो. पण तो तुमचा कुणी लागतो म्हणून सांगत नाही. ते त्याचं नेमून दिलेलं काम आहे.

आता हीच कसोटी नागपूरला लावून पाहायला हरकत नाही. २०११ च्या जनगणनेत साधारण चोवीस लाखांचं हे शहर लंडनपुढे लहान असेल, पण भामरागडहून किंवा मेळघाटातून आलेल्या माणसाला ते अवाढव्यच आहे. गंमत अशी, की मोजमापाचं मोठं प्रतीक आपल्याकडे आहे. झिरो माईलचा दगडी खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे, हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा इथपर्यंतची अंतरं कोरलेला दगड. शेकडो मैलांवरचं गाव किती दूर ते दगडावर लिहिलंय. सीताबर्डीवरून महालात कुठल्या बसने जायचं ते मात्र पानठेल्यावर विचारावं लागतं. आपला पत्ता चौकांवर चालतो: व्हरायटी चौक, शंकरनगर चौक, आकाशवाणी चौक, त्यातल्या काहींची अधिकृत नावं वेगळी आणि लोकांच्या तोंडची वेगळी. पत्त्यात ‘च्या मागे’, ‘च्या समोर’, ‘च्या बाजूच्या गल्लीत’ हे शब्द घरक्रमांकापेक्षा महत्त्वाचे. ऑटोचं भाडं मीटरपेक्षा बोलणीवर ठरतं, आणि बोलणी सुरू झाली की बोलीवरून, पेहरावावरून, हातातल्या पिशवीवरून माणूस कुठला हे ताडलं जातं. ‘कोण्या गावचे जी?’ हा प्रश्न आपल्याकडे आपुलकीने येतो यात शंका नाही. पण भाड्याने खोली बघणाऱ्या मुलाला त्यानंतर जो दुसरा प्रश्न येतो, आडनावाचा, तो नेहमी आपुलकीने येतो असं म्हणवत नाही.

तरी नागपूर परक्याला हाकलणारं शहर नाही. जपानचे भिक्खू सुरई ससाई १९६० च्या दशकात इथे आले तेव्हा ते शहर त्यांच्यासाठी सर्वस्वी परकं होतं. इथल्या इंदोरा वस्तीने त्यांना ठेवून घेतलं, ते इथलेच झाले आणि पुढे भारताचे नागरिकही झाले. आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धर्मांतर झालं ती जागा एवढीच शहराची माहिती घेऊन येणारे त्यांत पुष्कळ असतात. त्या दिवसांपुरतं नागपूर ओळखीशिवाय चालतं. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा लावतात, रस्तोरस्ती जेवणाचे स्टॉल लागतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे माणूस उभा राहतो तो फक्त वाचक असतो. ताट पुढे करणाऱ्याला कुणी आडनाव विचारत नाही. बडोद्याच्या धर्मशाळेतून बाहेर काढल्या गेलेल्या माणसाच्या नावाने भरणाऱ्या या मेळाव्यात हे घडावं, यात योगायोग काही नाही. मात्र हे सगळं माणसांच्या उत्साहावर उभं आहे आणि दोन-तीन दिवसांचं आहे. मंडप उतरले की तोच पाहुणा पुन्हा बर्डीवर पत्ता विचारत उभा.

आजच्या मोबाइलने ही सगळी चर्चा निकालात काढली, असं म्हणणारे भेटतील. नकाशा हातात, टॅक्सी बोटावर, भाडं आधीच ठरलेलं. टोकियो काय आणि नागपुरातली टिमकी काय, सारखंच. यात तथ्य आहे, पण नकाशा वाट दाखवतो, दार उघडत नाही. खोली देणाऱ्याचा फोन आला की आडनाव लागतंच. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा ज्याला त्यावरची लिपी वाचता येत नाही, त्याच्यासाठी शहर जिथे होतं तिथेच आहे. या बाबतीत नागपुरात अलीकडे झालेला मोठा बदल मोबाइलपेक्षा मेट्रोचा आहे. मार्च २०१९ मध्ये पहिला टप्पा धावला आणि डिसेंबर २०२२ पर्यंत खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन्ही मार्गिका पूर्ण झाल्या. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. खापरीला चढलेल्या परक्याला प्रजापतीनगर गाठायला कुणाची ओळख लागत नाही. भाडं लिहिलेलं, पुढचं स्टेशन पुकारलेलं, गाडी बदलायची जागा बाणाने दाखवलेली. स्टेशनाचा जिना उतरून खाली आलं की पुन्हा ऑटोवाला विचारतो, कुठे जायचं, आणि भाडं त्याच्या उत्तरावर ठरतं. महापालिकेने या जिन्याच्या पायथ्याशी परिसराचा एक नकाशा, बसथांब्याचे क्रमांक आणि ऑटोचे ठरलेले दर लावायचे म्हटले, तर त्याला न्यूयॉर्कइतका पैसा लागणार नाही.